घरची सवलत, वेशीवरचा अटकाव

घरगुती उद्योगांना उत्तेजन द्यावे, याविषयी आपल्या देशात आजवर कोणत्याही पक्षाने विरोधी सूर काढलेला नाही. स्वदेशीच्या चळवळीपासून हा विचार आपल्या राजकारणात रुजला आहे. केंद्राच्या आणि राज्यांच्या अंदाजपत्रकांत त्याचा उच्चार न चुकता होतो, आणि स्त्रियांच्या बचत गटांच्या मेळाव्यांत तर मंत्र्यांच्या भाषणाला त्याखेरीज पूर्णताच येत नाही. तथापि, सवलतीची खरी परीक्षा भाषणात होत नसते. ती ज्याच्यासाठी दिली त्याच्या दारापर्यंत पोहोचते का, आणि पोहोचल्यावर त्याच्या उपयोगी पडते का, हे पाहावे लागते. ही परीक्षा घेण्यास बेळगाव-निपाणीच्या सीमाभागाइतकी योग्य जागा दुसरी नाही. कारण येथे घर एका राज्यात आहे आणि बाजार दुसऱ्या राज्यात आहे.

प्रथम आयकराचे पाहू. घरातून धंदा करणाऱ्यास आयकराच्या कायद्याने दोन सोयी दिल्या आहेत. राहत्या घराचा काही भाग धंद्यासाठी वापरला जात असेल, तर त्या भागाचे भाडे, दुरुस्ती यांचा प्रमाणशीर हिस्सा खर्च म्हणून दाखवता येतो. ज्याला हिशेबाच्या वह्या ठेवणे झेपत नाही, त्याच्यासाठी अनुमानित उत्पन्नाची पद्धत आहे. दोन कोटी रुपयांपर्यंतच्या उलाढालीवर आठ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर सहा टक्के, इतका नफा झाला असे धरून मोकळे व्हावे. मग वह्या नकोत, लेखापरीक्षण नको. रोखीचा भाग पाच टक्क्यांच्या आत असेल, तर हीच मर्यादा तीन कोटींपर्यंत जाते. १९६१ च्या कायद्यातील ही तरतूद २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही कायम आहे. ती चांगली आहे, याविषयी शंका नाही.

परंतु तिचा लाभ कोणास? २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या कररचनेत बारा लाख रुपयांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर व्यक्तीस आयकर द्यावा लागत नाही. निपाणीत चटणी-मसाला करून विकणारी, अथवा बेळगावच्या शहापुरात ब्लाउज शिवणारी गृहिणी वर्षाकाठी तीन लाखांचा माल विकत असेल, तर सरकारच्याच आठ टक्क्यांच्या हिशेबाने तिचा नफा चोवीस हजार रुपये ठरतो. तिला आयकराची सवलत देणे म्हणजे अनवाणी माणसाला जोड्यांच्या दुरुस्तीची हमी देणे होय. जो कर तिला लागूच नव्हता, त्यातून तिची सुटका करून सरकारने तिच्यावर कोणता उपकार केला?

तिचा खरा संबंध येतो तो वस्तू व सेवा कराशी. येथेही कायदा वरकरणी उदार आहे. १ एप्रिल २०१९ पासून, मालाचा व्यवहार करणाऱ्यांना वार्षिक चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीच्या बंधनातून मुक्त केले गेले. कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तिन्ही राज्यांनी ही मर्यादा स्वीकारली आहे. तीन लाखांचा मसाला विकणाऱ्या बाईला चाळीस लाखांची मर्यादा म्हणजे आभाळच. परंतु त्याच कायद्याच्या चोविसाव्या कलमात एक ओळ आहे आणि सीमाभागातील माणसाचे सारे आभाळ त्या ओळीने झाकले जाते. जो कोणी करपात्र माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पुरवील, त्याने उलाढाल कितीही असली तरी नोंदणी केलीच पाहिजे, असे ते कलम सांगते. तेथे चाळीस लाख नाहीत, चार लाख नाहीत, चारशे रुपयेही नाहीत.

या ओळीचा अर्थ नकाशावर पाहावा. निपाणीहून बेळगाव सुमारे पंचाहत्तर किलोमीटर आहे, कोल्हापूर सुमारे चाळीस आणि कागल त्याहून निम्म्यावर. संकेश्वरहून गडहिंग्लजला जायला एसटीला अर्धा तासही फारसा लागत नाही. बेळगाव शहरातून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागले, की थोड्याच वेळात चंदगड तालुक्यातील शिनोळी येते आणि महाराष्ट्र सुरू होतो. या भागातील रोटी-बेटीचा व्यवहार, दवाखाना, कॉलेज, बाजारहाट यांची तोंडे पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापूर-गडहिंग्लजकडे आहेत. संकेश्वरी मिरचीचा लौकिक कोल्हापूरच्या मसाल्यामुळे आहे, आणि कोल्हापूरच्या मसाल्याचा रंग संकेश्वरी मिरचीमुळे. असे असता, निपाणीच्या गृहिणीने आपला मसाला चारशे किलोमीटरहून दूर असलेल्या बिदरला पाठवला, तर ती लहान उद्योजक म्हणून करमुक्त राहते. तोच मसाला तिने वीस किलोमीटरवरच्या कागलला पोहोचवला, तर ती एकाएकी आंतरराज्य व्यापारी होते. नोंदणी न करता तसे केल्यास किमान दहा हजार रुपयांच्या दंडास ती पात्र ठरते. पुण्याच्या गृहिणीला नागपूर आपले आहे. निपाणीच्या गृहिणीला शेजारचे गावही परके आहे.

यातील विसंगती एवढ्यावर थांबत नाही. कागलचा गिऱ्हाईक स्वतः निपाणीला आला आणि दारातून रोखीने माल घेऊन गेला, तर व्यवहार राज्याच्या आतला. बाईने तोच माल पिशवीत घालून त्याच्या घरी पोहोचवला, की तो आंतरराज्य. कागलच्या आठवडी बाजारात तिने पथारी टाकायची म्हटली, तर तिला महाराष्ट्रात 'प्रासंगिक करदाता' म्हणून वेगळी नोंदणी घ्यावी लागते आणि होणाऱ्या विक्रीचा अंदाज बांधून कर आगाऊ भरावा लागतो. गिऱ्हाइकाने दिलेल्या कापडाचा ब्लाउज शिवून दिला, तर ती सेवा होते, आणि सेवेला २०१७ सालीच वीस लाखांपर्यंत सीमा ओलांडण्याची मुभा मिळालेली आहे. मात्र कापड स्वतः विकत घेऊन, शिवून, तयार ब्लाउज गडहिंग्लजला विकला, तर ती मुभा संपली. हात तेच, यंत्र तेच, ब्लाउज तोच. फक्त कापड कोणाचे, यावर ती बाई कायद्याच्या लेखी मोकळी अथवा बांधलेली ठरते.

हस्तकलेच्या वस्तूंना कायद्याने दार किलकिले ठेवले आहे, हे नमूद केले पाहिजे. हातमागाची वस्त्रे, भरतकाम, चामड्याची पादत्राणे अशा वस्तूंची एक यादी आहे. तीतील हाताने घडवलेला माल वीस लाखांपर्यंत नोंदणीशिवाय दुसऱ्या राज्यात नेता येतो, मात्र पॅन क्रमांक आणि ई-वे बिल हवे. एरवी पन्नास हजारांच्या खालच्या मालाला ई-वे बिल सहसा लागत नाही. येथे मात्र पाचशे रुपयांच्या चपलेलाही ते लागते. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याने निपाणीच्या बाईकडे शिवणीसाठी कापडाचा एक गठ्ठा पाठवला, तरी त्याची किंमत न पाहता तोच नियम. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जे भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत. बेळगाव हा त्यांपैकी एक. म्हणजे मनात आणले तर कायद्याला हा प्रदेश एकसंध दिसू शकतो. चपलेच्या बाबतीत जे दिसले, ते चटणीच्या बाबतीत दिसू नये, याचे समर्थन कसे करावे?

डिजिटल व्यापाराची गोष्ट अशीच. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या लहान उत्पादकांनाही ऑनलाइन विक्रीच्या कंपन्यांमार्फत माल विकण्याची परवानगी मिळाली. घरबसल्या देशभर बाजारपेठ, असे तिचे कौतुक झाले. अट एवढीच, की माल राज्याबाहेर जाता कामा नये. देशभर या शब्दाचा असा संकुचित अर्थ आम्ही तरी कोणत्या कोशात पाहिलेला नाही.

नोंदणी करावी, त्यात काय मोठेसे, असे अधिकारी विचारतात. नोंदणीला शुल्क नाही, आणि नोव्हेंबर २०२५ पासून लहान अर्जदारांना ती तीन दिवसांत देण्याची पद्धतही सुरू झाली आहे, हे खरे. परंतु नोंदणी हा दरवाजा आहे. आत गेल्यावर काय, हा प्रश्न आहे. एकदा नोंदणी झाली, की कर केवळ सीमेपलीकडच्या विक्रीवर लागत नाही. गल्लीतल्या शेजारणीला विकलेल्या पावशेर चटणीवरही लागतो. तीन लाखांच्या विक्रीवर पाच टक्के म्हणजे पंधरा हजार रुपये. सरकारच्याच अनुमानाने जिचा वर्षाचा नफा चोवीस हजार, तिच्या नावे पंधरा हजारांचा कर! कच्च्या मालावरील कराची वजावट मिळते हे खरे. पण शेतकऱ्याकडून घेतलेल्या मिरची-लसणावर तसा कर भरलेलाच नसतो, तेव्हा वजावट कशाची करायची? हा कर गिऱ्हाइकाकडून वसूल करावा, तर बिननोंदणीची शेजारीण तोच माल स्वस्त देते. लहान धंद्यासाठी एक टक्का कराची जी सुलभ योजना आहे, तिची दारेही राज्याबाहेर माल विकणाऱ्यास बंद आहेत. शिवाय विवरणपत्रे आली, ती भरणारा जाणकार आला, त्याची फी आली. विक्री शून्य असली तरी विवरणपत्रास उशीर झाल्यास दिवसाला वीस रुपयांचा भुर्दंड आहेच. हे सारे सोपस्कार ज्या भाषेत होतात, ती या बाईची मराठी नव्हे, हे सीमाभागाच्या संदर्भात वेगळे सांगावयास नको.

हा अटकाव आला कोठून, हे समजून घेणे उद्बोधक आहे. १९५६ साली दोन कायदे झाले. राज्य पुनर्रचनेच्या कायद्याने बेळगाव जिल्हा चंदगड वगळून म्हैसूर राज्यात घातला, आणि केंद्रीय विक्रीकराच्या कायद्याने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारी विक्री ही निराळी, सवलतमर्यादा नसलेली करपात्र वस्तू ठरवली. एका कायद्याने माणसांच्या मधून रेषा ओढली. दुसऱ्याने त्या रेषेवर तराजू टांगला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, विक्रीकराचे नाके उठले आणि 'एक देश, एक कर' अशी घोषणा झाली. नाका रस्त्यावरून उठला, तो कायद्याच्या कलमात जाऊन बसला. जुन्या विक्रीकराच्या काळात ज्या राज्यातून माल निघे, त्या राज्याचा कर असे. आता ज्या राज्यात माल पोहोचतो, त्या राज्याला वाटा मिळतो. करामागचे तत्त्व उलटे झाले. लहान विक्रेत्यावरचे बंधन मात्र जसेच्या तसे वारसाहक्काने आले.

आजवर या कलमाची झळ फारशी जाणवली नाही, याचे कारण त्याकडे कोणी पाहत नव्हते, हे आहे. रोखीचा व्यवहार, ओळखीचे गिऱ्हाईक, एसटीच्या टपावरची गोणी, असा सारा कारभार होता. ते दिवस सरले. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकाच्या व्यापारी कर खात्याने यूपीआयने जमा झालेल्या रकमांवरून हजारो लहान दुकानदारांना नोटिसा धाडल्या, तेव्हा अनेक टपऱ्यांवरून यूपीआयचे फलक उतरले आणि 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांना व्यापाऱ्यांची समजूत काढावी लागली आणि जुन्या वसुलीबाबत दिलासा द्यावा लागला. त्या नोटिसा उलाढालीच्या मर्यादेवरून निघाल्या होत्या, आंतरराज्य विक्रीवरून नव्हे. परंतु पैसा कोठून आला, याची नोंद आता यंत्रात राहते. उद्या त्याच नोंदीवरून निपाणीच्या बाईला कागलचे गिऱ्हाईक कोण, असे विचारले गेले, तर तिच्यापाशी कायदेशीर उत्तर नाही. जो कायदा पाळणे अशक्य, तो मोडून लोक जगतात. आणि मोडून जगणाऱ्याला धमकावणे कोणत्याही कनिष्ठ अधिकाऱ्याला सोपे जाते. आमचा खरा आक्षेप येथे आहे.

मोकळीक दिली, तर तिचा गैरफायदा मोठे लोक घेतील, अशी एक शंका काढली जाते. ती निराधार नाही, आणि तिचा दाखला निपाणीच्या विडीधंद्यातच मिळतो. उत्पादनशुल्काच्या काळात वर्षाला वीस लाखांपर्यंत हातवळणीच्या विड्या काढणाऱ्यास सूट असे, आणि एका मोठ्या धंद्याचे अनेक लहान तुकडे करून ती लाटली जात असल्याचे या विषयाच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. हेही लक्षात ठेवले पाहिजे, की घरी बसून काम करणारा प्रत्येक जण उद्योजक नसतो. पाने-तंबाखू ठेकेदाराकडून घेऊन हजारी दराने विड्या वळणारी स्त्री ही कामगार आहे. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने तिला तो दर्जा दिला, १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो नव्या श्रमसंहितेत विलीन झाला. घरगुती उद्योजक असे गोंडस नाव देऊन तिला भविष्य निर्वाह निधीपासून दूर लोटण्याची चाल कोणी खेळू पाहील, तर तिला आमचा विरोध राहील. सप्टेंबर २०२५ मध्ये कर परिषदेने विडीवरील कर अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आणि पानांवरील कर अठरावरून पाच टक्क्यांवर आणण्याचे ठरवले. त्या लाभातील किती पैसे वळणावळीच्या मजुरीत उतरतात, हे पाहणे सरकारचे काम आहे.

तथापि गैरवापराची भीती हे सवलतीची नीट आखणी करण्याचे कारण आहे. ती नाकारण्याचे नव्हे. तंबाखूचाच आणखी एक धडा आहे. कच्च्या तंबाखूवरील उत्पादनशुल्क १९४३ साली लागले आणि छत्तीस वर्षे निपाणी भागातील शेतकरी परवाने व तपासण्यांच्या फेऱ्यात सापडला. १९७९ च्या अंदाजपत्रकात चौधरी चरणसिंग यांनी ते शुल्क उठवले आणि भार तयार मालावर ठेवला. सरकारची तिजोरी त्यामुळे बुडाली नाही. गेला तो निरीक्षकांचा जाच. कर थोड्या आणि मोठ्या ठिकाणी घ्यावा, असंख्य आणि बारीक ठिकाणी घेऊ नये, हे तत्त्व त्या निर्णयाने मान्य केले होते.

आमच्या मागण्या म्हणूनच मर्यादित आहेत. सेवा आणि हस्तकला यांना जी वीस लाखांपर्यंत आंतरराज्य मुभा आहे, तीच लहान उत्पादकाने स्वतः तयार केलेल्या मालाला द्यावी. पॅन क्रमांकाची अट ठेवावी, म्हणजे एकाच धंद्याचे दहा तुकडे करणाऱ्याला चाप बसेल. देशभर एकदम देणे परिषदेला अवघड वाटत असेल, तर निदान सीमेला लागून असलेल्या जिल्ह्यांपुरती ती द्यावी. एक टक्क्याच्या सुलभ योजनेतील राज्यबंदी त्याच मर्यादेपर्यंत उठवावी. आणि किरकोळ किमतीच्या मालाला ई-वे बिलाची सक्ती नसावी. यांत महसुलाचे नुकसान किती? जी बाई आज नोंदणीच करत नाही, तिच्याकडून आज मिळणारा कर शून्य आहे. आणि शून्यातून काही वजा होत नसते.

यासाठी पुढाकार कोणी घ्यावयाचा? कर परिषदेत कर्नाटक आणि महाराष्ट्र दोघेही बसतात. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. सीमाभागातील मराठी माणसाच्या हक्काविषयी आमची भूमिका वाचकांस ठाऊक आहे, आणि न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत तिची पुनरुक्ती करण्याची येथे गरज नाही. परंतु निकालाची वाट पाहत कागलचा रस्ता बंद ठेवण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील नेते सीमावासीयांच्या कळवळ्याची भाषणे करतात. कर्नाटकातील नेते बेळगावला सुवर्णसौध उभारून तेथे अधिवेशन भरवतात. दोघांनी मिळून एक ठराव परिषदेपुढे ठेवला, तर त्याने कोणाच्याही दाव्याला बाध येत नाही. मात्र या मागणीत घोषणा नाही, मिरवणूक नाही. म्हणूनच कदाचित तिच्याकडे दोन्हीकडच्यांचे दुर्लक्ष झाले असावे.

गोमंतकीय वाचकाने हा परक्यांचा प्रश्न समजू नये. बेळगावच्या भाजीवर आणि दुधावर आपली सकाळ उजाडते. पेडण्याच्या बाईने आपले लोणचे सावंतवाडीला, किंवा काणकोणच्या बाईने कारवारला पाठवले, तर हेच चोविसावे कलम तिलाही लागू होते; आणि एवढ्याशा गोव्यात कोठेही उभे राहिले तरी राज्याची हद्द फार दूर नसते. पोर्तुगीज अमदानीतील आल्फांदीचा जाच घराघरांतल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेला आहे. १९६१ च्या डिसेंबरात ती उठली, तेव्हा या भूमीचा उर्वरित देशाशी व्यवहार मोकळा झाला, अशी आपली समजूत झाली. एका देशातील दोन शेजारी गावांमध्ये चटणीची बरणी नेण्यास परवाना लागत असेल, तर ती समजूत अजून खरी व्हावयाची आहे. कर परिषदेच्या पुढच्या बैठकीत हा विषय घेण्याची मागणी तिन्ही राज्यांच्या अर्थमंत्र्यांनी करावी. त्यात गोव्याने पहिले पाऊल टाकले, तर ते त्याच्या इतिहासाला शोभून दिसेल.